सर्वांचा बांध कोणाचा?

ज्या वस्तूचा धनी एक असतो तिची राखण तो एकटा करतो. परंतु ज्या वस्तूचे धनी सर्वच असतात तिची राखण कोणी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आपल्या घरापुढचे अंगण आपण रोज सकाळी झाडतो, पण अंगणाच्या पलीकडची वाट झाडावयास कोणाचा हात सहसा पुढे होत नाही. गावात “ती जागा सरकारी आहे” असे कोणी म्हटले, की त्याचा अर्थ दोन प्रकारे घेतला जातो. काही घ्यावयाचे असेल तेव्हा ती सर्वांची असते, आणि काही द्यावयाचे असेल तेव्हा ती कोणाचीच नसते. हा दुटप्पीपणा आमच्या-तुमच्या सर्वांच्या मनात कोठेतरी दडलेला आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आज शांतपणे करावा असे आम्हांस वाटते.

उदाहरणाकरिता फार दूर जावयास नको. रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा ह्या नावाने ओळखला जाई. त्यातील पेण व अलिबाग तालुक्यांचा जो खारेपाट, तेथील शेतकऱ्याचे सारे जीवित एका मातीच्या बांधावर अवलंबून असते. धरमतरच्या खाडीतून भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते व दोनदा परतते. बांधाच्या एका अंगास ते खारे पाणी, दुसऱ्या अंगास भाताचे शेत. पावसाचे गोडे पाणी बाहेर जावे आणि समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून बांधात उघाडी ठेवलेली असते. ओहोटीस ती उघडते, भरतीस मिटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी चढते, आणि एखाद्या चिंबोरीने पोखरलेल्या बिळातून प्रथम थेंब, मग धार, मग लोंढा, अशी बांधाला खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात शिरले म्हणजे ते मीठ धुऊन निघावयास पावसाळ्यामागून पावसाळे जातात. अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड आणि पेण तालुक्यातील नारवेल-बेनवले ह्या बाजूंस असे पाणी शिरल्याच्या वार्ता लोकांनी वारंवार वाचल्या आहेत. चिंबोरीचे बीळ एका माणसाच्या शेतासमोर असते, परंतु नाश दहा गावांचा होतो. सार्वजनिक वस्तूचे स्वरूपच असे आहे: तिच्या एका कोपऱ्यातली हयगय सर्वांच्या पदरी येते.

आता पूर्वीच्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहा. खाजणातून नवी जमीन काढणाऱ्यास राज्यकर्ते कौल देत. पहिली काही वर्षे सारा माफ असे व पुढे तो हळूहळू चढे. कुलाब्यात ‘शिलोत्री’ नावाची जी जमीनपद्धती होती, तीत बाहेरचा मोठा बांध नीट राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे, आणि त्या खर्चाकरिता कुळांकडून साऱ्याखेरीज भाताचा ठराविक वाटा घेतला जाई. म्हणजे करार होता, वर्गणी होती, आणि अंगमेहनतही होती. ही तीनही साधने आज कोणी नवीन शोधून काढलेली नाहीत. मात्र त्या व्यवस्थेत एक मोठा दोष होता: जो बांधाचा धनी तोच कुळाचाही धनी होऊन बसला. त्याचा विचार पुढे करू.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला व त्या कामाकरिता मंडळ नेमले. पुढे १९७९ साली महाराष्ट्राने खारजमीन विकासाचा नवा कायदा केला. सरकारने हे ओझे उचलले ते योग्यच झाले. दर्याचा मार सोसणारा बांध घालणे गरीब कुळवाड्याच्या एकट्याच्या शक्तीबाहेरचे होते. परंतु प्रत्येक चांगल्या गोष्टीबरोबर तिची सावलीही येते. बांध सरकारचा झाला तशी त्याची काळजीही सरकारचीच झाली. पूर्वी भरतीच्या रात्री कंदील घेऊन बांधावरून फिरणारा माणूस आता अर्ज लिहून घरी निजू लागला. अर्जाला तारीख असते, उधाणालाही तारीख असते. परंतु दोघांचे पंचांग एक नाही.

आमचे काही वाचक येथे म्हणतील, “आम्ही सरकारला कर देतो. ज्या कामाचे पैसे आम्ही एकदा दिले तेच काम पुनः हातांनी का करावे? आम्ही फुकट राबलो तर अधिकारी अधिकच आळशी होतील.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात न्यायाचा मोठा अंश आहे. स्वयंसेवकांचे श्रम हे कोणाच्या हयगयीवर घातलेले पांघरूण होता कामा नयेत. ज्या कामास यंत्रे, दगड व लक्षावधी रुपये लागतात, ते काम टोपल्या-फावड्यांवर सोपवून मोकळे होणे ही लोकसेवा नव्हे, ती लोकांची फसवणूक होय. मोठी खांड बुजविणे सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते मागण्याचा अधिकार गावाने कधीही सोडू नये.

परंतु ह्या आक्षेपाने अर्धीच गोष्ट सिद्ध होते. चिंबोरीचे बीळ कोण पाहतो? जो रोज बांधावरून जातो तो. उघाडीच्या फळीत काटकी अडकली आहे हे कोणास कळते? ज्याचे शेत तिच्यापाशी आहे त्यास. जिल्ह्याच्या गावी बसलेला अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याचे डोळे तेथपर्यंत पोहोचत नाहीत. कर देऊन आपण दगड विकत घेऊ शकतो, मजूर लावू शकतो. पण जवळच्या माणसाची नजर विकत घेता येत नाही. ती आपणच दिली पाहिजे. तेव्हा काम दोघांचे आहे: मोठ्या शक्तीचे काम सरकारचे, जवळच्या नजरेचे काम गावाचे. एकाने आपले केले नाही म्हणून दुसऱ्यास आपले सोडण्याचा परवाना मिळत नाही.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. खरी अडचण पुढे आहे. लोकांनी मदत करावी असे ठरले, तर ती कोणत्या रीतीने घ्यावी म्हणजे ती न्यायाची होईल? मदतीच्या तीन रीती आहेत: अंगमेहनत, देणगी आणि करार. तिन्ही चांगल्या आहेत व तिन्हींत विष मिसळू शकते.

प्रथम अंगमेहनतीचा विचार करू. आपल्या वाडवडिलांस ‘वेठ’ हा शब्द चांगला परिचित होता. खोताच्या कामाला बोलावणे आले म्हणजे आपले शेत टाकून जावे लागे. चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली १९३३ साली जो संप आरंभिला व जो १९३९ पर्यंत चालला, तो ह्याच अलिबाग तालुक्यात खोतीच्या जाचाविरुद्ध होता. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली. परंतु वेठीचे नाव गेले तरी तिचा आत्मा दुसऱ्या अंगरख्यात परत येऊ शकतो. आणि ‘श्रमदान’ हा तो अंगरखा होऊ नये म्हणून आपण सावध असावे.

वेठ आणि सेवा ह्यांत भेद कोणता? हातांत तेच फावडे असते, डोक्यावर तीच टोपली असते. आमच्या मते भेद ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. पहिली, जो न येईल त्यास ‘नाही’ म्हणता येते काय, की त्याचे पाणी बंद करण्याचा धाक आहे? दुसरी, कामाचे फळ राबणाऱ्यासही मिळते काय? ज्याच्या मालकीचे बोटभर शेत नाही अशा मजुराने दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्याच्या शेताचा बांध फुकट घालावा, आणि पीक मात्र शेतवाल्याने न्यावे, ह्यास दान म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना होय. अशा माणसास मजुरी देणे हाच धर्म. तिसरी खूण ही की, जे काम सांगतात ते स्वतः टोपली उचलतात काय?

ह्या तिसऱ्या खुणेसंबंधाने आमच्या वाचकांस नहेम्याच्या ग्रंथातील ती जुनी यादी आठवेल. यरुशलेमेचा कोट सर्वांचा होता, म्हणून सर्वांनी तो वाटून घेतला. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनार आले, गांधी आले, शल्लूमाच्या मुलीही आल्या, आणि बावन्न दिवसांत काम पुरे झाले. पण त्याच यादीत तकोवाच्या सरदारांचीही नोंद आहे, की त्यांनी मान वाकविली नाही. गावचे साधे लोक मात्र राबले, आणि आपला वाटा संपवून त्यांनी दुसराही भाग उचलला. लिहिणाऱ्याने हे झाकले नाही. प्रत्येक गावात असे सरदार असतात व असे साधे लोकही असतात. आपण कोणत्या ओळीत लिहिले जाऊ, हा विचार प्रत्येकाने करावा.

आता देणगी पाहू. आमच्या किनाऱ्यावर मुंबईच्या धनिकांनी घरे बांधली आहेत, ठिकठिकाणी पाहुण्यांकरिता मोठी निवासस्थाने उभी राहिली आहेत. त्यांतील कोणी किनारा झाडण्यास, सुरूची रोपे लावण्यास किंवा रात्रीच्या पहाऱ्यास पैसा देऊ म्हणेल, तर तो नाकारावा काय? मुळीच नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे वादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस सुपारीच्या वाड्या व सुरूची बने भुईसपाट झाली. अशा वेळी पैशावाचून चालत नाही. पण दाता जेव्हा देणगीबरोबर पाटी आणतो, पाटीबरोबर कुंपण आणतो, आणि कुंपणामागून पहारेकरी येऊन कोळणीस म्हणतो की येथे मासळी सुकवू नकोस, तेव्हा ती देणगी राहिली नाही. ती खरेदी झाली, आणि विक्रेता मात्र कोणीच नव्हता.

देणगीस मर्यादा कशी घालावी ह्याचा एक चांगला धडा इंग्लंडात मिळतो. तेथे १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ नावाची संस्था निघाली. लोकांनी दिलेल्या जमिनी व पैसा ती सांभाळते आणि हजारो स्वयंसेवक तिचे काम करतात. १९०७ साली तिच्याकरिता जो कायदा झाला त्याने असे ठरले की, जी जमीन संस्थेने कायमची राखावयाची म्हणून जाहीर केली ती तिला विकता येणार नाही. म्हणजे देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्यानेही आपले हात बांधून घेतले. आमच्या गावीही हाच नियम असावा. देणगी ग्रामसभेसमोर उघड्या वहीत लिहावी. देणाऱ्याचे आभार मानावे. परंतु वाट, वाळू, उघाडी व होड्या ओढण्याची जागा ह्यांवरचा कोणाचाही परंपरागत हक्क तिच्यामुळे तसूभरही कमी होऊ नये. विधवेने दिलेली दोन नाणी व शेठजींची थैली, ह्या दोहोंस वहीत एकच ओळ मिळावी.

तिसरी रीत कराराची. आमच्या लोकांस कागदाचे भय वाटते, आणि ते अकारण नाही. खोत कुळाकडून कबुलायत लिहून घेई. तीत काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यास ठाऊक असे, अंगठा उठविणाऱ्यास नसे. शिलोत्रीच्या ज्या दोषाचा वर उल्लेख केला तोही ह्याच जातीचा. ज्याच्या हाती बांध, त्याच्याच हाती वही व त्याच्याच हाती न्याय, मग करार कितीही जुना असो, तो दुबळ्याच्या गळ्याभोवतीचा दोर होतो.

तथापि करारावाचूनही भागत नाही. तोंडचा शब्द पिढीबरोबर मरतो. चांगला कारभारी गेला की चांगली चालही जाते. केंद्र सरकारने जून १९९० मध्ये परिपत्रक काढून जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांस उत्पन्नात वाटा देण्याचे धोरण सांगितले, व १९९२ साली महाराष्ट्रानेही संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय केला. २०१२ साली राज्याने कांदळवनांकरिता स्वतंत्र कक्ष स्थापिला. २०१७ पासून किनाऱ्यावरील गावांत कांदळवन सहव्यवस्थापन समित्या नेमून, चिंबोरीपालन व कालवेपालन ह्यांसारख्या उद्योगांस सरकारी साहाय्य मिळू लागले. श्रीवर्धन तालुक्यातील काळिंजे गावाने कांदळवन दाखविण्याकरिता पाहुण्यांस होडीतून नेण्याचा उद्योग सुरू केला. ह्या योजनांतील तत्त्व आम्हांस मान्य आहे: जो राखतो त्यास फळाचा वाटा मिळावा.

परंतु येथेच एक कठीण गाठ आहे, ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबविण्याचा हुकूम दिला व २०१८ च्या निकालाने त्या संरक्षणास बळकटी आणली. तिवर, चिपी, कांदळ ही झाडे लाटांचा मार झेलतात, माशांच्या पिलांस आसरा देतात. त्यांचे रक्षण योग्यच आहे. पण ज्या शेतकऱ्याचा बांध दुसऱ्याच्या हयगयीने फुटला, ज्याच्या शेतात खारे पाणी राहिले व त्या पाण्यातून तिवर उगवली, त्यास आता आपल्याच शेतातील झाडास हात लावता येत नाही. झाड निरपराध आहे, शेतकरीही निरपराध आहे. अपराध त्या खांडीचा, जी वेळीच कोणी बुजविली नाही. दोन सत्ये समोरासमोर उभी राहिली म्हणजे एकास खोटे ठरविण्याचा मोह होतो. तो टाळावा. बांध वेळेवर राखणे हेच दोघांच्याही हिताचे होते. आणि जेथे ती वेळ गेली आहे तेथे नुकसानीचा भार त्या एकट्या शेतकऱ्याने सोसू नये, समाजाने तो वाटून घ्यावा. सर्वांच्या लाभाकरिता एकाने गमावले असेल तर सर्व त्याचे ऋणी आहेत.

चांगला करार कसा असावा? हॉलंड देशाची पुष्कळशी भूमी समुद्राच्या पातळीखाली आहे, आणि तेथील बांध राखण्याकरिता जलमंडळे आहेत. त्यांपैकी ऱ्हाइनलंडच्या मंडळाचा उल्लेख १२५५ सालच्या सनदेत सापडतो. तेथे जुना दंडक असा होता की, ज्याची जमीन बांधाआड, त्याने बांधाचा आपला वाटा राखावा. ज्यास ते झेपेनासे होई तो आपले फावडे बांधात रोवून जमीन सोडून जाई. जो ते उपटील त्यास जमीन मिळे आणि कर्तव्यही मिळे. हा दंडक कठोर होता, आणि गरिबास घर सोडावयास लावणारा नियम आम्ही येथे मागत नाही. पण त्यातील एक गोष्ट घेण्यासारखी आहे: हक्क आणि कर्तव्य एकाच फावड्याला बांधलेले होते. एक उचलून दुसरे तेथेच टाकण्याची सोय नव्हती.

म्हणून आमचे मत असे की, गावाने सरकारशी किंवा कोणा संस्थेशी करार करावयाचा झाल्यास पाच गोष्टी साध्या मराठीत लिहिलेल्या असाव्या: कोणते काम कोणाचे, फळाचा वाटा कोणास किती, मुदत किती वर्षांची, तंटा झाल्यास निवाडा कोण करील, आणि न पटल्यास बाहेर कसे पडावे. तो कागद सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, एकदा नव्हे तर दोनदा. आणि ज्या स्त्रियांस पाण्याला व सरपणाला त्या जागेत जावे लागते त्या तेथे बसलेल्या असाव्या. गावोगावच्या उपदेशकांस व शिक्षकांस आमची विशेष विनंती आहे की, वाचता न येणाऱ्यास कागद समजावून देणे ही लहान सेवा नव्हे. पुष्कळ अन्याय तलवारीने झालेला नाही. न वाचलेल्या कागदाने झाला आहे.

निराश होण्याचे कारण नाही. दिवेआगर व हरिहरेश्वर येथे रात्री वाळूत अंडी घालणाऱ्या कासवांची अंडी गावचेच लोक जपतात व पिले समुद्रात सोडतात. एका काळी तीच अंडी खाल्ली वा विकली जात. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या लोकांनी महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेच्या साह्याने गिधाडांस आसरा दिला. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे सदस्य हजारोंनी हातात झाडू घेऊन गावेच्या गावे स्वच्छ करतात. त्यांचा पंथ आपला नाही, परंतु त्यांचा झाडू आपल्याही वाटेवरून फिरतो, आणि चांगले काम जेथे दिसेल तेथे ते मान्य करण्यास आपणास संकोच नसावा. उलट आपण स्वतःस विचारावे की, सर्वांच्या बांधावर आपल्या मंडळीचे किती हात दिसतात?

सारांश, सार्वजनिक भूमी ही आपली मालमत्ता नव्हे व परक्याचीही नव्हे. ती ठेव आहे. ठेव सांभाळणारा धनी नसतो, म्हणून त्याने ती विकू नये. तो चाकरही नसतो, म्हणून हुकमाची वाट पाहू नये. श्रम द्यावे, पण दुबळ्यावर लादू नये. दान घ्यावे, पण त्याबरोबर भूमी देऊ नये. करार करावा, पण न वाचता अंगठा उठवू नये. आणि सरकारकडे त्याचे कर्तव्य मागताना आपल्या हातांत आपलेही फावडे असावे; अशा मागणाऱ्याचा शब्द टाळणे कठीण जाते.

येत्या उधाणाच्या आदल्या दिवशी, प्रिय वाचकहो, कामावरून परतताना चार पावले वाकडी करून बांधावरून या. एखादे बीळ दिसले तर ते कोणाच्या शेतासमोर आहे हे विचारीत बसू नका. तेथेच ओंजळभर माती घाला, पायाने दाबा, आणि मग शेजाऱ्यास हाक मारा.